दोनशे चौदा गाण्यांचा परीक्षक

४ फेब्रुवारी

पत्र आलं. वार्षिक संगीत पुरस्कारांच्या परीक्षक मंडळाचा यंदाचा अध्यक्ष मी!

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चालींना वाद्यांचे कपडे शिवले. संगीत संयोजक म्हणजे शिंपीच तो. कपडे चांगले झाले की लोक म्हणतात, माणूस देखणा आहे. ह्याच पुरस्कारासाठी सहा वेळा माझं नाव यादीत होतं आणि सहाही वेळा शेजारच्या खुर्चीतला माणूस उठून गेला. एकदा तर मी अर्धा उठलो होतो. मग बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं. त्या दिवशी बुटांना नाडी नव्हती.

हिला पत्र वाचून दाखवलं. ही भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"पण सगळी गाणी ऐकावी लागतील ना?"

"मग? जन्मभर दुसरं काय केलं मी?"

हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुक असावं.

९ फेब्रुवारी

गाणी आली. दोनशे चौदा. सचिव स्वतः घेऊन आला. ह्या सचिवाला आमच्या धंद्यात 'मधुमेह' म्हणतात. दहा मिनिटं बोलला की समोरच्याची साखर वाढते. गाण्यांबरोबर नावांची छापील यादीही दिली. पहिल्या पानावर एका नावाखाली पेनाने रेघ. ते नाव 'सम्राटा'चं. पोस्टरवर हा गृहस्थ स्वतःला स्वरसम्राट छापून घेतो. माझ्या मते त्याचा आवाज चांगला आहे आणि तो त्याला स्वतःला फार आवडतो. रेघ कशाला, ते कळलं नाही. पेन चालतं का बघितलं असेल.

संध्याकाळी मोठे स्पीकर लावून सुरुवात केली. आठव्या गाण्याला वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश खाली आले. हात जोडून काहीतरी म्हणाले. मीही हात जोडले. संगीताची कदर असलेली माणसं अजून आहेत.

१२ फेब्रुवारी

तीस गाणी झाली. एक गोष्ट लक्षात आली आणि ती कोणीतरी लिहून ठेवायलाच हवी. संगीतातून बासरी संपली. झांजा संपल्या. व्हायोलिन वर चढलं की गळपटतं. एका गाण्याचा व्हिडिओ पाहिला, त्यात बासरीवाला चक्क बासरी घेऊन बसला आहे, बोटं नाचतात, डोळे मिटलेले, आणि आवाज शून्य! मानधन मात्र पुरतं घेतलं असणार.

आणि गायक 'स' आणि 'श' म्हणायचे विसरलेत. सगळ्यांच्या तोंडात जणू गरम बटाटा. कमी मार्क दिले.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती अलीकडे फार पुटपुटते. लग्नानंतर माणूस दबतं. मी तसं तिला म्हणालोही. मग ती ओरडूनच म्हणाली, "बाबा, मान दाखवून या डॉक्टरला!"

माझी मान? ताठ आहे. अजून कोणापुढे वाकलेली नाही. पण लेकीचा जीव. रात्री मानेला शेक घेतला. ही बाजूला बसून कपाळावर हात मारून घेत होती. हिचं डोकं दुखत असावं. शेकाची पिशवी नंतर तिला दिली.

२० फेब्रुवारी

पुरस्कार समितीच्या कचेरीत पहिली बैठक. लांबलचक टेबल, पंखा असा की कागदांवर पेपरवेट ठेवावे लागतात आणि माणसांवर तरीही वारा येत नाही.

माझ्याखेरीज दोन परीक्षक. एक समीक्षक. ह्याला 'दोन तारे' म्हणतात, कारण आजवर कोणालाही त्याने वर्तमानपत्रात दोनाच्या वर तारे दिलेले नाहीत. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही दोनच काढत असेल. दुसऱ्या, जुन्या जमान्यातल्या गायिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी पुरस्कार इतके घेतलेत की त्यांच्या घरी बाहुल्यांचं वेगळं कपाट आहे.

मी अध्यक्षीय भाषण केलं. बासरीच्या मृत्यूबद्दल पंधरा मिनिटं बोललो. दोघं अवाक. शेवटी दोन तारे काहीतरी म्हणाला, त्यावर मी म्हणालो, "अगदी! आणि म्हणूनच मी राजीनामा देणार नाही." तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. माझ्यात विनोदबुद्धी आहे हे लोकांना उशिरा कळतंय.

चहाच्या वेळी मधुमेह माझ्या उजव्या कानाशी लागला आणि पंख्याच्या घरघरीत काहीतरी कुजबुजला. बहुतेक चहाचंच विचारत होता. मी म्हणालो, "अर्थातच. पण फार गोड नको."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. एका चहासाठी एवढं!

२७ फेब्रुवारी

आता ही रोज माझ्याबरोबर ऐकायला बसते. पायावर पाय टाकून, डोळे मिटून. पूर्वी माझ्या ध्वनिमुद्रणांना ही कोरसमध्ये असायची. तेव्हापासूनची सवय.

आज क्रमांक १३७. गायिकेचं नाव कधी ऐकलेलं नाही. माहितीच्या कागदावर लिहिलंय: व्यवसाय, बस स्थानकावर उद्घोषिका. म्हणजे जिचा आवाज दिवसभर हजारो लोक ऐकतात आणि एकही माणूस लक्ष देत नाही. साथीला फक्त एक व्हायोलिन. वादक: गायिकेच्या सासूबाई. सून गाते, सासू वाजवते आणि घर अजून शाबूत आहे, हा खरं तर वेगळ्या पुरस्काराचा विषय.

गाणं मला जेमतेम वाटलं. एक ओळ कळली, 'गेलेल्या गाडीची वेळ मी अजून सांगते'. मग गायिका गप्प, आणि पुढे जवळजवळ दीड मिनिट काहीच नाही. ध्वनिमुद्रणात चूक राहिली असणार. मी चार मार्क लिहिले आणि मान वळवली, तर हिचे गाल ओले.

"काय झालं?"

"तुम्ही चार लिहिलेत?"

"दीड मिनिट गाणं बंद आहे, अगं!"

ही उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेली होती, तीच पुन्हा घासायला लागली. संसारात काही मार्क वाढवून द्यावे लागतात. मी चाराचे नऊ केले.

६ मार्च

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. १३७ पासून मी मार्क हिच्या चेहऱ्यावरून देतोय. हिची भुवई उडाली तर तीन. बोट मांडीवर ताल धरू लागलं तर सात. काल एका गाण्याला ही उठून पाणी प्यायला गेली, मी एक दिला. काम भराभर होतंय. का असं करतोय, ह्यावर फार विचार केलेला नाही. माणूस दमतो.

१९ मार्च

संपली! दोनशे चौदाच्या दोनशे चौदा, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. एकही गाणं मध्ये सोडलं नाही. हे मात्र छातीठोकपणे लिहितो.

२३ मार्च

निकालाची बैठक. 'वर्षाचं सर्वोत्कृष्ट गाणं' हा मोठा मान. बाईंचा कौल सम्राटाला. दोन ताऱ्याचा १३७ ला. माझाही १३७ ला. दोनास एक. झालं.

मधुमेहाचा चेहरा असा झाला की त्याचं नाव बदलावं लागेल. मला व्हरांड्यात ओढून ओरडला, "तुम्ही शब्द दिला होता! सम्राट नक्की ना, असं विचारलं, तर अर्थातच म्हणालात! फार उघड गोड बोलू नको, असंही बजावलंत!"

"मी चहाबद्दल बोलत होतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसू लागला. बराच वेळ पुसत होता. मी वाट पाहिली. रुमाल खाली आला तेव्हा तो हसत होता. "असं आहे होय," म्हणाला. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

२६ मार्च

मधुमेहाची चिठ्ठी. 'आदरणीय' तीनदा आणि 'प्रकृती' चारदा. मथितार्थ असा: अध्यक्षांना ऐकू येत नाही हे बाहेर कळलं तर पुरस्काराची शोभा होईल आणि त्या बिचाऱ्या उद्घोषिकेची त्याहून जास्त. तेव्हा अध्यक्षांनी आपल्या गुणांचा 'फेरविचार' करावा. चार दिवसांची मुदत.

मी घरभर नाचलो. बदनामी! कोर्टात खेचतो! चाळीस माणसांच्या वाद्यवृंदात तिसऱ्या व्हायोलिनची तार उतरली की ओळखणारा माणूस मी! हिला म्हणालो, "तू सांग, मी बहिरा आहे?"

ही काहीतरी बोलली. मी म्हणालो, "पुटपुटू नकोस."

हिने मार्कांचा कागद उलटा केला, माझं पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'तीन वर्षं झाली.'

कागद मी किती वेळ धरून होतो माहीत नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

ही अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दर आठवड्याला सांगितलं. ऐकू आलं नाही तुम्हाला."

२८ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोक्यात बसवलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. दाबत होतो. मग बराच वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. काचेतून पाहिलं तर डॉक्टरीणबाई एकामागून एक कळा फिरवत होत्या आणि शेजारी उभी असलेली ही कानांवर हात ठेवत होती.

कागदावर रेघ निघाली. डावीकडे सपाट, मग कडेलोट. डॉक्टरीणबाईंनी कड्याखालची यादी सांगितली: बासरीचा वरचा भाग, झांजा, व्हायोलिनची चढती बाजू, 'स', 'श', पाखरं.

पाखरं! दोन वर्षांपूर्वी 'शहरातून चिमण्या कुठे गेल्या?' असं खरमरीत पत्र मी वर्तमानपत्राला लिहिलं होतं. छापून आलं होतं. लोकांनी अभिनंदन केलं होतं.

आणि लेक मान म्हणाली नव्हती, कान म्हणाली होती, हेही आज हिने सांगितलं.

कानात घालायचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच पूर्वीसारखं होणार नाही, मेंदूला शिकवावं लागतं. ह्या वयात मेंदू कोणाकडून शिकून घेणार, बघू.

येताना त्या सगळ्या गाण्यांचा हिशेब डोक्यात चालू होता. तीस गाण्यांना मी बासरी नाही म्हणून मार्क कापले. तीस बासरीवाले जीव तोडून वाजवत होते आणि मी त्यांना फुकटे म्हणत होतो.

२९ मार्च

सकाळी राजीनामा लिहिला. मग फाडला. मी गेलो तर उरतात दोघं, एक मत सम्राटाला, एक तिला. आणि बरोबरीत निर्णय सचिवाचा, असा नियम आहे. राहिलो तर मधुमेह बोंब मारणार आणि लोक म्हणणार, बहिऱ्याने दिलेलं बक्षीस. दोन्हीकडून तीच मरते. आणि मत तरी कोणाचं होतं? हिचं!

हिला तसं म्हणालो. ही म्हणाली, "मलाही तेच खातंय. मी रडले नसते तर तुम्ही चारच ठेवले असते." मग म्हणाली, "त्या दोघांना घरी बोलवा. खरं सांगा. तुमचं नाक कापलं जाईल, जाऊ दे. कान तर गेलेतच."

हिला अशी भाषा येते हे मला लग्नाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

३० मार्च

दोघं आले. बाहेरच्या खोलीत बसले. मी उभं राहून एका दमात सांगितलं: ऐकू येत नाही, कड्याखालचं काही कळत नाही, १३७ पासून मार्क बायकोच्या तोंडाकडे बघून दिले. माझं मत रद्द धरा.

शांतता. म्हणजे मला वाटलं शांतता. मेलं आता कशाचीच खात्री नाही.

मग दोन तारे घसा खाकरून म्हणाला, मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून, "मी सगळी गाणी दुप्पट वेगाने ऐकली. दाढी करताना."

"आणि मार्क दिलेत?"

"दोनदोन. फक्त ते एक गाणं दुप्पट वेगातही सावकाश वाटलं. काय भानगड आहे म्हणून वस्तरा खाली ठेवला आणि नीट लावलं. अर्धी दाढी तशीच घेऊन कचेरीत गेलो त्या दिवशी."

आम्ही बाईंकडे पाहिलं. बाई पदराशी चाळा करत होत्या. "माझ्याकडे बघू नका. मी साठाव्या गाण्यानंतर थांबले. पुढचं यादीवरून. नावं ओळखीची दिसली की मार्क. सम्राटाच्या नावाखाली तर रेघच होती, मला वाटलं सगळ्यांचं ठरलंय."

म्हणजे तीन परीक्षकांत सगळी गाणी पूर्ण वेळ लावून बसलेला एकटा मी, बहिरा! मला हसू फुटलं. मग दोन ताऱ्याला. बाई आधी रागावल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. ही चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "हसून झालं असेल तर आता ऐका तरी."

दोन्ही गाणी लावली. आधी सम्राट. मग १३७. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, उगाच माझ्या चेहऱ्याचा परिणाम नको. खिडकीतून बाई दिसत होत्या. गाणं संपलं. बाईंनी बोट वर केलं: पुन्हा. पुन्हा संपलं. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला.

आत गेलो तेव्हा त्या म्हणत होत्या, "माझे आधीचे आकडे खोडा. आणि फोन द्या इकडे."

मधुमेहाशी बाई जे बोलल्या ते मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं असतं. "अध्यक्ष आजपासून निवृत्त. आम्ही दोघांनी मिळून एकमताने निकाल दिलाय. आता तुला काही जाहीर करायचं असलं तर खुशाल कर. मग त्या रेघेचं मी जाहीर करते. यादी जपून ठेवली आहे मी."

जाताना बाई हिच्यापाशी थांबल्या. "तू कोरसमध्ये तिसऱ्या रांगेत असायचीस ना? खर्जातला आवाज. मी तुझ्या नवऱ्याला तेव्हाच म्हटलं होतं, हिला एकटीला एक ओळ तरी दे. तर म्हणाला, बायकोला पुढे केलं असं लोक म्हणतील."

मी असं म्हणालो होतो? ही कपबश्या उचलत राहिली. बाई काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय होती. दाखवलं नाही.

१२ एप्रिल

सोहळा. दुपारी तीनला. आम्ही साधी तिकिटं काढून मागच्या रांगेत. कानात नवीन यंत्र. सभागृहात शिरताच लाखभर कागद एकदम चुरगळल्यासारखं झालं. ही म्हणाली, लोक नुसते बसतायत.

काय थाट! प्रत्येक बक्षिसाआधी धूर सोडत होते; निम्मे विजेते खोकतच आले. सर्वोत्कृष्ट नवोदित गायकाला दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या, गुडघ्यांचा त्रास आहे म्हणे. सम्राटाला 'लोकप्रिय पोशाख' असा ऐनवेळी काढलेला मान मिळाला आणि त्यात तो खरोखर आनंदी दिसला. मधुमेहाने माझ्या 'प्रकृती अस्वास्थ्या'चा उल्लेख इतक्या गहिवराने केला की शेजारच्या माणसाने मला विचारलं, "कधी गेले हो?"

मग मोठा मान. उद्घोषिका आली, चाळिशीची, साधी, हातात पर्स घट्ट धरलेली. मागे सासूबाई व्हायोलिन घेऊन, सुनेची ओढणी सरळ करत. माइकसमोर सून नुसती उभी. लोक थांबले. ती आणखी थांबली. शेवटी म्हणाली, "माफ करा, मी बंद खोलीत बसून बोलते. समोर माणसं असली की माझं तोंड उघडत नाही." आणि सरळ प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. सासूबाई मात्र आमच्याकडे तोंड करून, जणू म्हणत होत्या, आमची सून अशीच आहे, काय म्हणणं आहे?

पाठमोरी ती गायली. आवाज आला, पूर्ण आला. 'गेलेल्या गाडीची वेळ मी अजून सांगते.' मग ती थांबली आणि सासूबाईंनी व्हायोलिनचा गज उचलला. गज फिरत होता, खांदा हलत होता, बोटं वर वर चढत होती. यंत्रातून मला पत्र्यावर टाचणी ओढल्यासारखं काहीतरी आलं, मग तेही नाही. आमच्या पुढच्याच रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने तोंडावर रुमाल धरला. सभागृहभर लोक एका जागी थिजले होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

बाहेर पडलो तेव्हा चांगलं ऊन होतं. ही म्हणाली, चालत जाऊ. मी यंत्र काढून खिशात ठेवलं, गाड्यांचा आवाज सोसेना. माझ्या बाजूने, अगदी जवळून चालत हिने विचारलं,

"किती आलं?"

"तिचं सगळं. सासूचं नाही."

ही दहा-बारा पावलं चालली. मग गायला लागली. व्हायोलिनचीच चाल, सूर न् सूर, पण दोन सप्तकं खाली, स्वतःच्या आवाजात. भर रस्त्यात. एक सायकलवाला वळून बघायला लागला आणि खांबाला धडकता धडकता वाचला. ही थांबली नाही.

ती चाल नुसती वर चढत जात नव्हती, मी समजत होतो तशी. जिन्यावर कोणीतरी येतंय असं वाटावं आणि पाऊल दाराबाहेरच थांबावं, तशी ती पुन्हा पुन्हा थांबत होती. इतक्या वर्षांत मी असं काही लिहिलेलं नाही. आणि हा आवाज मी कोरसमधल्या सत्तावीस जणांच्या मागे उभा करत होतो.

घराचं वळण आलं. चाल अजून संपली नव्हती. मी वळलो नाही. ही गाता गाता माझ्याकडे बघून किंचित हसली आणि तीही वळली नाही. आम्ही सरळ पुढे गेलो.